शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा : सुट्या तुकड्यांच्या प्रसाराचा एक इतिहास

गाण्याचा, नाचाचा अथवा विनोदाचा एखादा तुकडा मूळ प्रयोगातून सोडवून घ्यावा आणि तो हातोहात दुसऱ्यापर्यंत पोहोचवावा, हा व्यवहार मोबाइल आणि इंटरनेट यांनी जन्माला घातला, अशी समजूत बरीच रुळली आहे. तिच्या पोटात आणखी एक गृहीतक दडलेले असते : पूर्वीची करमणूक अखंड होती, आरंभापासून शेवटापर्यंत एका बैठकीत अनुभवली जात होती, आणि आजच्या क्लिपने तिचे तुकडे केले. चित्रफितींच्या प्रसाराविषयी सुशिक्षित वर्गात जी तक्रार ऐकू येते ती याच गृहीतकावर उभी आहे. परंतु ज्या लोकरंजनाच्या नावाने ही तक्रार केली जाते त्याचा, विशेषतः तमाशाचा, इतिहास पाहू लागले की हे गृहीतक डळमळते. तुकडा जुना आहे. अखंडता त्या मानाने अलीकडची आहे. क्लिपमुळे काहीतरी हरवले आहे हे खरे, पण जे हरवले त्याचे नाव अखंडता नव्हे. ते काय आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

तमाशाची रचना गण, गवळण, बतावणी आणि वग अशी सांगण्याची प्रथा आहे, आणि या क्रमात वग हा गाभा व बाकीची सारी प्रस्तावना, असे अभ्यासकांनाही वाटत आलेले आहे. कालक्रम मात्र उलटा आहे. उत्तर पेशवाईतल्या तमाशात लावणी होती, सोंगे होती, सवालजवाब होते. सलग कथानकाचा वग नव्हता. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो आणि त्याचा काळ १८६५ असा दिला जातो. विष्णुदास भाव्यांचे सांगलीचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ चे. म्हणजे मराठी रंगभूमीवर सलग नाट्यकथा उभी राहिल्यानंतर दोन दशकांनी तमाशाने ती आपल्यात घेतली. घेतली तीही आपल्या जुन्या सवयीनुसार : वगाच्या मधोमध सोंगाड्या कथानक सोडून निघून जाऊ शकतो, गावातल्या पाटलाची खोडी काढू शकतो, आणि परत येऊन राजाला मुजरा करू शकतो. या सुटेपणाला दोष मानायचे तर तो दोष तमाशाच्या मुळातच आहे. गणेशाला वंदन झाले, गवळणीत मावशीने लोकांना हसवले, बतावणीत दोघांनी एकमेकांचे शब्द पकडले. यांतला कोणताही भाग उचलून दुसऱ्या रात्री दुसऱ्या वगापुढे ठेवता येत असे आणि ठेवला जात असे. एका फडाची बतावणी दुसऱ्या फडाने उचलणे हे तर इतके सर्रास चाले, की त्याला चोरी म्हणण्याची कुणाला गरज वाटली नाही.

लावणीच्या बाबतीत मात्र उचलेगिरीला एक बंदोबस्त होता. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव, गुरूचे नाव, कधी गावाचे नाव गुंफीत असे. होनाजी-बाळा, रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर, जेजुरीचा सगनभाऊ, या सर्वांच्या रचना आज त्यांच्या म्हणून ओळखता येतात त्या मुख्यतः या नाममुद्रेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लावण्यांची स्वस्त चोपडी छापली जाऊ लागली, बाजारात आणि जत्रांत विकली जाऊ लागली, तेव्हाही मुद्रा रचनेच्या आतच असल्यामुळे छापणाऱ्याने मुखपृष्ठावर काहीही घातले तरी शाहिराचे नाव पुसले जात नसे. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) पठ्ठे बापूराव म्हणून घरोघर पोहोचले ते याच वाटेने. मौखिक परंपरेत कर्तृत्वाला किंमत नसते, ती समूहाची निर्मिती असते, असे विधान लोकसाहित्याच्या अभ्यासात वरचेवर आढळते. शाहिरी वाङ्मयाला ते लागू पडत नाही. शाहिराला आपल्या नावाची चाड होती. रचना हातातून सुटणार, कुणीही ती म्हणणार, हे त्याने गृहीत धरले होते आणि म्हणूनच नाव कडव्यात शिवून टाकले होते. एवढेच, की ते शेवटच्या कडव्यात होते. पुढच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण तुकडा करणारा माणूस आरंभ ठेवतो आणि शेवट कापतो.

ध्वनिमुद्रणाने पहिली कापणी केली. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला ही चौकट पुरणार नव्हती. गाणाऱ्यांनी ती पुरवून घेतली. विशेष असे, की त्या आरंभीच्या तबकड्यांवर गाणे संपता संपता गाणारी आपले नाव मोठ्याने उच्चारते. हे नाव यंत्राच्या सोयीसाठी होते. तबकड्या परदेशात छापून यायच्या आणि तिथल्या कारागिराला गाणे कुणाचे ते कळावे हा उद्देश. परंतु फळ तेच. शेवटी पुन्हा नाव. शाहिरी मुद्रेचा हा यांत्रिक अवतार काही वर्षांत गेला, कारण छापील लेबल आले. आणि नाव रचनेच्या आतून निघून वेष्टनावर आले. वेष्टन फाडता येते.

दुसरी कापणी शासनाने केली. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला वाट मोकळी झाली. ज्या बतावणीला संहिताच नव्हती, जी प्रत्येक गावात नव्याने रचली जात होती, ती आता कागदावर मागण्यात आली. तमाशा सुसंस्कृत झाला असे त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात कागदावर एक बतावणी आणि बोर्डावर दुसरी, असा दुहेरी कारभार सुरू झाला. मराठीतल्या द्व्यर्थी विनोदाला जी पुढे बहर आली तिचे एक मूळ या दुहेरीपणात शोधायला हवे : तपासणाऱ्याला एक अर्थ, बसणाऱ्याला दुसरा.

या टप्प्यावर हा इतिहास भाटघरच्या मुलखात येतो. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. वेळवंडी नदीवर भाटघरला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पहिले धरण बांधले. त्याच्या जागी १९२० च्या दशकात मोठे दगडी धरण उभे राहिले आणि त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव पडले. आज त्या जलाशयाला शिवकालीन सरदार येसाजी कंकांचे नाव आहे. साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी इथे साठते, आणि त्याचा मोठा वाटा नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जातो. पाणी खाली गेले, आणि वरच्या खोऱ्यातली माणसे मुंबईला. गिरण्यांच्या खात्यांत, गोदीत, हमालीत भोर-वेल्ह्याची माणसे भरली. चाळींत गावकीच्या खोल्या झाल्या. वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखात, गावच्या जत्रेला ही मुंबईकर मंडळी परत यायची आणि जत्रेच्या वर्गणीतून तमाशाची सुपारी दिली जायची. गावाची करमणूक आणि गिरणगावाची करमणूक यांत त्यामुळे फारसे अंतर पडले नाही. तोच सोंगाड्या दोन्हीकडे ओळखीचा होता.

दादा कोंडके (१९३२–१९९८) यांचे मूळ गाव भोर संस्थानातले इंगवली, आणि जन्म मुंबईतल्या नायगावच्या गिरणी कामगार वस्तीतला. सेवादलाचे बँडपथक, अपना बाजारातली नोकरी आणि मेळे-कलापथके या वाटेने ते रंगमंचावर आले. वसंत सबनीस यांनी आपल्या ‘छपरी पलंगाचा वग’ या रचनेवरून त्यांच्यासाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ सिद्ध केले. १९६५ पासून त्याचे प्रयोग होऊ लागले आणि त्यांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली असे सांगितले जाते. सबनिसांची छापील संहिता हातात घेऊन त्या प्रयोगाची कल्पना येत नाही, ही तेव्हाच्या प्रेक्षकांची साक्ष दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, पुढच्या रांगेत बसलेला पुढारी, मधेच उठून गेलेला प्रेक्षक, या साऱ्यांचा समाचार घेत हवालदाराची भूमिका चालायची. संहिता ही खुंटी आणि प्रयोग हे तिच्यावर रोज नव्याने अडकवलेले वस्त्र. लेखक कोण, हा प्रश्न इथे बिकट होतो. आणि त्याचे उत्तर ‘दोघेही’ असे देऊन भागत नाही, कारण तिसरा वाटेकरी समोर बसलेला होता.

हसणे एकट्याचे नसते, त्याला प्रतिध्वनी लागतो, हसणाऱ्यांचा एक गट लागतो, असे बर्गसाँने १९०० साली आपल्या हास्यविषयक निबंधात प्रतिपादले. तमाशाच्या थिएटरात हे तत्त्व उघड्या डोळ्यांना दिसे. द्व्यर्थी वाक्याचा दुसरा अर्थ नट कधीच बोलत नाही; तो प्रेक्षकांत उमटतो, शेजाऱ्याच्या हसण्याने पक्का होतो, आणि नट चेहरा कोरा ठेवून पुढच्या वाक्याला जातो. आपल्या साहित्यशास्त्रात श्लेषाला अलंकार म्हटले आणि ग्राम्यत्वाला दोष म्हटले. परंतु ज्या शब्दात श्लेष आणि ग्राम्यत्व एकत्र नांदतात त्याचे काय करायचे, हे ठरवताना आपली समीक्षा नेहमीच अवघडली आहे. दादा कोंडके यांच्याबद्दल मराठी वाङ्मयीन नियतकालिकांनी दीर्घकाळ बाळगलेले मौन हा या अवघडलेपणाचा पुरावा होय.

‘तांबडी माती’ (१९६९) मध्ये भालजी पेंढारकरांनी त्यांना पडद्यावर आणले. १९७१ चा ‘सोंगाड्या’ हा त्यांची स्वतःची निर्मिती. मग ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८). लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. या चित्रपटांना कथानक नसते, ती प्रसंगांची माळ असते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला आहे. आक्षेप खरा आहे. आणि याच कारणाने आज त्यांचे तुकडे इतके सहज सुटतात. यूट्यूबवर, व्हॉट्सअॅपवर, रीलमध्ये जुन्या मराठी विनोदाचे जे खंड फिरतात, त्यांत दादा कोंडके यांच्या प्रसंगांचा भरणा लक्षणीय आहे. पस्तीस-चाळीस सेकंदांत एक उठाव, एक कलाटणी, एक हशा अशी त्यांची आखणी मुळातच आहे. बतावणीची मोजमापे चित्रपटात आली आणि चित्रपटातून जशीच्या तशी बाहेर पडली. त्या अर्थी क्लिपने तमाशाला त्याच्या जुन्या मापात परत नेले, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु ‘सोंगाड्या’ पूर्ण पाहिला, आणि नंतर त्यातला एखादा सुटा प्रसंग पाहिला, तर एक फरक जाणवतो. चित्रपटातला नाम्या हा भोळा, आईच्या धाकातला, बायकांशी कसे बोलावे ते न कळणारा गडी आहे. हे भोळेपण उभे करायला चित्रपट बराच वेळ घेतो. आईच्या भूमिकेतल्या रत्नमालांच्या शिव्यांनी, मारांनी, मायेने ते घडत जाते. कलावतीच्या, म्हणजे उषा चव्हाणांच्या, समोर तो जे बोलतो त्याचा दुसरा अर्थ त्याला स्वतःला ठाऊक नाही, निदान ठाऊक नसल्याची हमी कथानकाने दिलेली आहे. अर्थ प्रेक्षकाला कळतो आणि त्या कळण्याची लाज प्रेक्षकाच्याच पदरात पडते. सगळी गंमत या लाजेत आहे. क्लिप हा प्रसंग उचलते तेव्हा वाक्य येते, चेहरा येतो, मात्र आधीचा तास मागे राहतो. भोळेपणाची हमी निघून गेलेली असते. मग उरतो एक मध्यमवयीन पुरुष, जो एका तरुणीसमोर चावट बोलतो आहे. ज्यांनी दादा कोंडके क्लिपमध्येच पाहिले अशा पिढीला ते केवळ अश्लील वाटले, तर तो त्या पिढीचा अभिरुचिदोष समजू नये. तिच्यापर्यंत पोहोचलेली संहिताच वेगळी आहे. सेन्सॉरने ज्या चित्रपटांतून वाक्ये कापण्याचा आग्रह धरला त्याचे उलट रूप इथे दिसते. सेन्सॉर वाक्य कापून भोळेपणा ठेवू पाहत होता. क्लिप भोळेपणा कापून वाक्य ठेवते. अर्थात याचे खापर सर्वस्वी तंत्रज्ञानावर फोडता येणार नाही. १९८० च्या मध्यानंतरच्या चित्रपटांत, ‘मुका घ्या मुका’ (१९८७) मध्ये आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) सारख्या हिंदी चित्रपटांत, हे भोळेपण कोंडके यांच्याच हातून विरळ झाले होते. क्लिप यायच्या आधीच चित्रपट क्लिपांची रांग बनू लागला होता, ही गोष्ट त्यांच्या कैवाऱ्यांनी मान्य करायला हरकत नाही.

दरम्यान त्यांचा मूळ प्रेक्षक पांगला. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ संच येऊ लागले, व्हिडिओ पार्लर निघाले. कॅसेट तर त्याआधीच घराघरांत शिरली होती. कॅसेटने मराठी करमणुकीच्या दोन वेगळ्या वर्गांना दोन वेगळ्या गोष्टी दिल्या : मध्यमवर्गाला पु. ल. देशपांड्यांचे कथाकथन, आणि जत्रांना, एसटी स्थानकांवरच्या टपऱ्यांना, लग्नाच्या वरातींना प्रल्हाद शिंदे व आनंद शिंदे यांची गाणी. पहिल्या प्रकारात लेखकाचे नाव हेच विक्रीचे कारण होते. दुसऱ्या प्रकारात गायकाचे नाव मोठे, आणि गीतकाराचे नाव, असलेच तर, आतल्या घडीवर बारीक अक्षरांत. नाममुद्रेचा प्रवास असा वर्गानुसार वेगळा झाला, याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

नृत्याच्या बाजूने पाहिले तर तुकड्याने केलेले नुकसान अधिक खोल आहे. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई. तिथल्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या बैठकीच्या लावणीच्या श्रेष्ठ कलावंत. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीत एक ओळ पुनःपुन्हा म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी अदेने तिचा अर्थ पालटला जातो : एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा उपहास. शब्द तेच राहतात आणि भाव सरकत जातो. तीस सेकंदांच्या चौकटीत ओळ एकदाच येते. म्हणजे लावणी येते, अदाकारी येत नाही. अदाकारी ही पुनरुक्तीत आहे, आणि पुनरुक्ती हीच पहिल्यांदा कापली जाते. उलट फडावरची वेगवान, ठसकेबाज, चित्रपटाने घडवलेली लावणी क्लिपमध्ये उत्तम मावते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला तेव्हापासून लावणी म्हणजे काय याची लोकमानसातली प्रतिमा पडद्याने ठरवली होती. मोबाइलच्या पडद्याने ती आणखी आकुंचित केली. शिवाय बैठकीत दौलतजादा होता. त्या प्रथेत शोषण होते, अपमान होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पैसा नाचणारीच्या हाती पडत असे, आणि पैसा देणाऱ्याला तिच्या नजरेला नजर द्यावी लागे. प्रेक्षकांतून कुणीतरी मोबाइलवर उतरवलेला नाच लाखो लोक पाहतात तेव्हा या दोन्ही गोष्टी उरत नाहीत.

मोबाइलचा काळ एकाएकी अवतरला असे नाही. यूट्यूब २००५ मध्ये निघाले आणि २००८ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, तरी तालुक्याच्या गावांत त्याचा शिरकाव बराच उशिरा झाला. त्याआधी होती मेमरी कार्डे भरून देणारी दुकाने. बाजारपेठेतल्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर संगणक असे. दहा-वीस रुपये दिले की दुकानदार गाणी, लावण्या, विनोदी प्रसंग कार्डात भरून देई. काय भरायचे हे बहुधा तोच ठरवी. लावणीच्या चोपड्या विकणारा जत्रेतला विक्रेता आणि हा दुकानदार यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, कामाचे फारसे नाही. फरक असा, की चोपडीत शेवटचे कडवे असे. कार्डातल्या फायलीला दुकानदाराने दिलेले नाव असे, आणि ते पुष्कळदा नुसता क्रमांक असे. ब्लूटूथने ही फाईल एका मोबाइलमधून दुसऱ्यात जाई. त्यासाठी दोघे जवळ बसावे लागत. आणि जवळ बसले की ते एकत्र पाहत, एकत्र हसत. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, फाईल व्हॉट्सअॅपने दूर जाऊ लागली आणि हे जवळ बसणे संपले. हसण्याला लागणारा गट मोडला. त्याच्या जागी हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हे आली, जी पाठवणारा हसला असेलच असे नाही.

टिकटॉकने या एकाकी हसण्याला अनपेक्षितपणे उत्तर दिले. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘म्युझिकली’ त्यात विलीन झाले आणि पुढच्या दोन वर्षांत ते खेड्यापाड्यांत पसरले. त्यात दुसऱ्याच्या चित्रफितीशेजारी आपली चित्रफीत जोडण्याची सोय होती. जुन्या चित्रपटातल्या संवादावर कुणी ओठ हलवी, आणि दुसऱ्या गावातली कुणी त्याला जवाब देई. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत शाहीर शाहिराला कोडे घाली आणि उत्तराची वाट पाही. त्या झगड्याचे हे बालिश, पण खरे वंशज होते. शेतमजूर स्त्रिया, वीटभट्टीवरचे कामगार, शाळा सोडलेली मुले, ज्यांना कुठल्याही रंगमंचावर पाऊल ठेवायला मिळाले नसते, ते इथे नाचले आणि त्यांनी नकला केल्या. त्यात सुमार गोष्टींचा सुकाळ होता. तो फडांतही असे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. आणि त्या दिवसानंतर तो सगळा व्यवहार भारतातल्या प्रेक्षकाला दिसेनासा झाला. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची सांगितली गेली, त्यांचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. तमाशावर स्वातंत्र्यानंतर आलेल्या बंदीविरुद्ध दाद मागता आली, समिती बसली, तडजोड निघाली, कारण फडाला मालक होता, नाव होते, राहुटी होती. इथे फड कुणाचा हेच ठरलेले नव्हते. महाराष्ट्रातल्या लोकरंजनाचा एक अख्खा थर एका रात्रीत गेला आणि त्याची सूचीदेखील कुणी केलेली नाही. मराठी अभ्यासकाला अठराव्या शतकातल्या लावणीचे हस्तलिखित अजून मिळू शकते; २०१९ सालची ही नक्कल मिळेलच असे नाही.

इन्स्टाग्राम रील आणि यूट्यूब शॉर्ट्स २०२० च्या उत्तरार्धात त्या जागी आले. त्यांनी नाममुद्रेचा प्रश्न एका विचित्र रीतीने सोडवला. प्रत्येक चित्रफितीखाली आवाज मूळ कुणाचा हे आपोआप छापले जाते. पण तिथे नाव येते ते पुष्कळदा आवाज पहिल्यांदा चढवणाऱ्याचे. वसंत सबनिसांचे वाक्य दादा कोंडके यांच्या आवाजात, आणि खाली एखाद्या अनोळखी मुलाचे टोपणनाव, असा प्रकार सहज घडतो. यूट्यूबची ओळख पटवणारी यंत्रणा हक्कदार शोधून काढते खरी, मात्र तिला सापडतो तो चित्रपटाचे किंवा ध्वनिफितीचे हक्क विकत घेतलेला व्यापारी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात वाटा दिला, कलावंतांच्या हक्कांनाही थोडे बळ दिले. बतावणी रचणाऱ्या सोंगाड्याला त्यातून काही मिळणे अवघड आहे. त्याची रचना कुठे लिहिलेली नाही, तिला शेवटचे कडवे नाही. लावणीकाराला जे शहाणपण होते ते विनोदकाराला सुचले नाही, की विनोदात नाव गुंफताच येत नाही? दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. विनोद सांगणारा स्वतःला पुसूनच विनोद सांगतो; कोरा चेहरा ही त्याची अट असते.

भाटघरचे पाणी जिथे जाते त्या नीरेच्या खोऱ्यात, बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वर इथे, गेल्या काही वर्षांत ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही ग्रामीण विनोदी मालिका यूट्यूबसाठी तयार होत आली आहे. त्याआधी साताऱ्याकडून ‘गावाकडच्या गोष्टी’ आली होती. शहरी बाजूने ‘भाडिपा’ने २०१६ पासून जे केले त्याची चर्चा इंग्रजी-मराठी वृत्तपत्रांत भरपूर झाली, कांबळेश्वरची त्या मानाने कमी, आणि तिथे साहित्याच्या दृष्टीने पाहण्याजोगे अधिक आहे. रामभाऊ आणि बाळासाहेब ही जोडगोळी म्हणजे बतावणीतले दोघे. एक बनेल, एक त्याच्या नादी लागणारा. गावातल्या कुणाची तरी फसवणूक, भांडण, फजिती, आणि अखेर एखाद्या सामाजिक प्रश्नावर येऊन ठेपणारा उपदेश, अशी भागाची ठेवण. उपदेश पुष्कळदा ढोबळ असतो आणि नागर प्रेक्षकाला तो खुपतो. पण वगाचा शेवटही असाच सत्याच्या विजयाने आणि न्यायनिवाड्याने होई, हे विसरून चालणार नाही. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की प्रेक्षकाने इथे तुकड्याऐवजी पूर्ण भाग मागितला. लहान क्लिपा फिरतात, त्या पूर्ण भागाकडे ओढून आणतात, जसा गण आणि गवळण लोकांना वगाकडे आणीत. यात्रांच्या हंगामात नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी द्यायला येणाऱ्या गावपंचांसमोर फडमालक ज्या गोष्टी ठेवत आले आहेत, नमुन्यादाखल एखादे गाणे, एखादी नक्कल, त्यांचे काम आता ही क्लिप करते.

आणि या मालिकांतल्या विनोदाला गाव आहे. पारावर कोण बसते, कालव्याचे पाणी कुणाच्या रानात आधी जाते, कुणाचा ऊस आधी तुटतो, हे सारे भागाच्या आत विणलेले असल्यामुळे तीस सेकंदांचा तुकडा काढला तरी बोलीचा हेल आणि मागची शिवारे कुठलीतरी म्हणून ओळखू येतात. भोर-वेल्ह्याच्या वरच्या खोऱ्यातून अशी मालिका आलेली दिसत नाही. तिथून ज्या चित्रफिती दरवर्षी फिरतात त्या मुख्यतः निसर्गाच्या असतात : पावसाळ्यात धरण भरले की स्वयंचलित दरवाज्यांतून सुटणारे पाणी, आणि उन्हाळ्यात ते आटले की वेळवंडीच्या पात्रात उघडे पडणारे कांबरेश्वराचे देऊळ. त्यांच्यावर एखादे चित्रपटगीत चढवलेले असते, गीतकाराच्या नावाविना. ज्या कुटुंबाने मराठीला तिचा सर्वाधिक हसवणारा सोंगाड्या दिला ते याच मुलखातून मुंबईला गेले, ही माहिती त्या चित्रफितींत कुठे नसते. आणि त्या सोंगाड्याच्या क्लिपांत इंगवलीचे नाव नसते.